सातला दोनाने भागल्यास…

सातला दोनाने भागले तर उत्तर काय येते? प्राथमिक शाळेतील मुलगा सांगेल, भागाकार तीन, बाकी एक. थोडा मोठा मुलगा साडेतीन म्हणेल. हाच प्रश्न पायथन या संगणकाच्या भाषेत विचारला, तर मात्र उत्तर त्या भाषेची आवृत्ती कोणती यावर अवलंबून राहते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत हा भागाकार तीन येत असे. डिसेंबर २००८ मध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो साडेतीन येतो. जुन्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून अधिकृतपणे थांबली आहे आणि आजच्या परीक्षा नव्या आवृत्तीवर घेतल्या जातात. परंतु झेरॉक्सच्या दुकानातून हातोहात फिरणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या गठ्ठ्याला हे कोणी कळविलेले नसते. त्यात उत्तर ‘तीन’ असते. ते पाठ करून परीक्षेला बसलेला विद्यार्थी आपले काय चुकले हे न कळताच घरी परततो आणि बहुधा असा निष्कर्ष काढतो की, हा विषय आपल्या डोक्याच्या कुवतीबाहेरचा आहे.

एका गुणाचा हा प्रश्न. त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडवावी काय, असे कोणी विचारील. परंतु महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील तरुणांच्या दृष्टीने तो एका गुणाचा राहत नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्याला अप्पा बळवंत चौकात नव्या-जुन्या पुस्तकांचे ढीग चाळता येतात. त्याच्या इमारतीत, शेजारी, महाविद्यालयात असा कोणी ना कोणी असतो, ज्याने ती परीक्षा मागच्या वर्षीच दिलेली असते. ‘ते पुस्तक जुने झाले, हे घे’ एवढे एकच वाक्य त्याला वेळेवर ऐकायला मिळते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी किंवा कशेडीच्या अलीकडे एखाद्या वाडीत राहणाऱ्या, एस.टी.च्या वेळा पाहून पोलादपुरात किंवा महाडात येणाऱ्या मुलीला हे वाक्य कोण ऐकवणार? तिच्या हातात मोबाइल आहे, त्यात जगातले सगळे ग्रंथ आहेत असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. पण ग्रंथभांडाराच्या दाराशी नेऊन सोडणे आणि हवे ते पुस्तक हाती देणे यांत पुष्कळ अंतर आहे.

आधी या परीक्षांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे संगणकाची परीक्षा म्हटले की एम.एस.-सी.आय.टी. हेच नाव डोळ्यांसमोर येते. २००१ पासून चालत आलेल्या त्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणक हाताळायला शिकविले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि संगणक वापरणे वेगळे आणि संगणकाला आज्ञा लिहून देणे वेगळे. मोटार चालविता येणे आणि मोटारीचे यंत्र जुळविता येणे यांत जितका फरक, तितका तरी येथे आहेच. आज्ञावली लिहिण्याचे ज्ञान प्रमाणित करणाऱ्या परीक्षा निराळ्या. केंद्र सरकारच्या, पूर्वी ‘डोएक’ आणि आता ‘नाइलिट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची ‘ओ’ स्तराची परीक्षा हे त्यांतले एक उदाहरण. तिच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पायथनची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि कोणत्याही वर्गात नाव न घालता बाहेरून बसण्याची सोयही आहे. आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘एनपीटेल’ हा उपक्रम २०१४ पासून प्रमाणपत्रेही देतो. व्याख्याने कोणालाही विनामूल्य, शुल्क काय ते परीक्षेचे, आणि परीक्षा मात्र नेमलेल्या शहरातील केंद्रावर जाऊन द्यायची. याशिवाय ओरॅकलसारख्या परदेशी कंपन्यांची जावा भाषेची प्रमाणपत्रे आहेत, ‘पायथन इन्स्टिट्यूट’ची प्राथमिक परीक्षा आहे. त्यांचे शुल्क डॉलरच्या हिशेबाने ठरते. ज्या घरात मिळकतीचा मोठा भाग भातशेतीवर आणि मुंबईहून येणाऱ्या पैशांवर अवलंबून आहे, त्या घराने हे शुल्क एकदा भरायचे म्हटले तरी विचार करावा लागतो. दुसऱ्यांदा भरण्याचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

म्हणून या मुलीला मिळणारी संधी प्रायः एकच असते, आणि ती कोणत्या साहित्यावर खर्च होते याला महत्त्व येते.

साहित्याचा तुटवडा आहे अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती मात्र बरोबर नाही. वस्तुतः शिक्षणाच्या दुसऱ्या कोणत्याही शाखेत इतके उत्तम साहित्य इतक्या मुक्तपणे उपलब्ध नसेल. पायथन ही भाषा विनामूल्य मिळते आणि तिच्याबरोबर तिचे अधिकृत पाठ्यपुस्तकही विनामूल्य मिळते. ते एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेटची गरज राहत नाही. पायथन इन्स्टिट्यूटने आपल्या प्राथमिक परीक्षेसाठीचा पाठ विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे. एनपीटेलवर मद्रासच्या गणित संस्थेतील प्रा. माधवन मुकुंद यांची पायथनवरील, किंवा खरगपूरचे प्रा. देबाशीष सामंत यांची जावावरील व्याख्याने कोणीही ऐकावीत. ‘नाइलिट’चा अभ्यासक्रम प्रकरणवार प्रसिद्ध आहे. असे असताना झेरॉक्सचा गठ्ठा का विकला जातो?

याचे पहिले कारण असे की, हे शास्त्र नासके आहे. शब्द कठोर वाटेल, पण दूध जसे नासते त्या अर्थाने तो वापरला आहे. व्याकरणाचे शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही उपयोगी पडते. भूमितीच्या पुस्तकाला तर काळाचे बंधनच नाही. संगणकभाषेचे पुस्तक दहा वर्षांत अंशतः खोटे होते, आणि गंमत अशी की ते खोटे झाल्याची कोणतीही खूण मुखपृष्ठावर उमटत नाही. आपल्याकडील महाविद्यालयांत बोरलँड कंपनीचे ‘टर्बो सी’ हे साधन मूळ कंपनीने केव्हाच सोडून दिल्यावरही वर्षानुवर्षे वापरात राहिले. त्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला पडदा पुसण्याची जी आज्ञा सी भाषेचाच भाग वाटत असे, ती वास्तविक त्या एका साधनापुरती होती. नव्या यंत्रावर ती लिहिली की यंत्र ती ओळखतच नाही. सी++ या भाषेचे प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले, पण त्यापूर्वीच्या पद्धतीचे शीर्षलेख घोकणारी वह्या-पुस्तके त्यानंतरही कितीतरी वर्षे चालू राहिली. जावाच्या बाबतीत तर अधिकृत साहित्यालाही वय आहे: ओरॅकलने प्रसिद्ध केलेली जुनी पाठमाला आठव्या आवृत्तीसाठी लिहिलेली आहे, असे ती स्वतःच सांगते; मधल्या काळात २०२१ मध्ये सतरावी आणि २०२३ मध्ये एकविसावी आवृत्ती आली, आणि प्रमाणपत्राची परीक्षाही आवृत्तीगणिक वेगळी झाली. कोणत्या परीक्षेला कोणती आवृत्ती, हे प्रथम न पाहता पुस्तक घेणे म्हणजे गाडी सुटून गेल्यावर तिचे तिकीट काढण्यासारखे आहे.

दुसरे कारण मनुष्यस्वभावातले आहे. अभ्यासक्रम वाचून, पाठ समजून घेऊन, स्वतः आज्ञावली लिहून ती चुकल्यावर दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ‘हेच प्रश्न येतात’ असे सांगणारा कागद अधिक धीर देतो. या कागदांचा मोठा व्यापार जगभर चालतो. परीक्षेहून बाहेर आलेल्यांच्या आठवणीतून उतरविलेले प्रश्न विकले जातात. ‘शंभर टक्के खात्री’ हे शब्द त्यांवर असतातच. असे प्रश्न मिळवून परीक्षा देणे हा कंपन्यांच्या नियमांचा भंग असून त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे विकणारा सांगत नाही. बरे, रद्द न झाले तरी त्या प्रमाणपत्राचा उपयोग किती? मुलाखतीत समोर यंत्र ठेवून चार ओळी लिहायला सांगितल्या की कागदावरचे ज्ञान उघडे पडते. आपल्याकडे गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर दहावी-बारावी काढण्याची जी सवय दोन-तीन पिढ्यांना लागली, तीच येथे नव्या नावाने आली आहे. विद्यार्थ्यांना त्याबद्दल फार दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणी आखून ठेवलेली नसते.

तिसरे कारण भाषेचे. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या बाबतीत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. एक पक्ष म्हणतो, संगणकाची भाषाच इंग्रजी, तेव्हा इंग्रजी आल्यावाचून गती नाही. दुसरा म्हणतो, सर्व काही मराठीत आणा. पण प्रत्यक्ष परिस्थिती काय आहे? १९८९ च्या प्रमाणानुसार सी भाषेत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. आजच्या पायथनमध्ये ते ३५. ‘इफ’, ‘एल्स’, ‘व्हाइल’, ‘रिटर्न’ अशा तीनेक डझन शब्दांपलीकडे इंग्रजीची गरज भाषेला स्वतःला नाही. मराठी शाळेतून आलेली मुलगी हे शब्द एका आठवड्यात आपलेसे करील. बीजगणितात क्ष आणि य यांची तिला जशी भीती वाटली नाही, तशी यांचीही वाटण्याचे कारण नाही. तिची वाट अडते ती या ३५ शब्दांपाशी नव्हे, तर ते समजावून सांगणाऱ्या पाचशे पानांच्या इंग्रजी गद्यापाशी. एखादी यादी फलनाला दिली असता मूळ यादी बदलते की तिची प्रत बदलते, हा प्रश्न मराठीत दोन वाक्यांत समजतो. परक्या भाषेत तो समजावून घेताना संकल्पना आणि वाक्यरचना अशा दोन लढाया एकाच वेळी लढाव्या लागतात.

या दुसऱ्या लढाईतून विद्यार्थ्याची सुटका करणारे लेखन मराठीत का झाले नाही, हा मराठी विद्वानांना विचारण्यासारखा प्रश्न आहे. भारतभर हजारो विद्यार्थी ज्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर सी शिकले, त्याचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचे, पुस्तक इंग्रजीत. अच्युत गोडबोले यांनी संगणकावर मराठीत सामान्य वाचकांसाठी विपुल लिहिले, पण त्यांची महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके इंग्रजीतच आली. यात लेखकांचा दोष नाही. प्रकाशकाला बाजार पाहावा लागतो, आणि अभ्यासक्रमच इंग्रजीत असल्यावर मराठी पाठ्यपुस्तक विकत कोण घेणार? या कोंडीतून मार्ग काढण्याचे काही प्रयत्न अलीकडे झाले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची मुभा दिली, आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणकशाखाच मराठीतून सुरू केली. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम अधिक मोलाचा आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या उपक्रमात सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्श्राव्य धडे आहेत. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच ठेवायचा आणि निवेदन भारतीय भाषांतून द्यायचे, ही त्यातील युक्ती अत्यंत समंजस आहे. सी, जावा यांसारख्या भाषांचे धडे मराठी निवेदनात आहेत. धडा पाहायचा, थांबवायचा, तीच ओळ आपल्या यंत्रावर लिहायची, पुन्हा पुढे जायचे. शिक्षक जवळ नसलेल्यांसाठीच तो आखला आहे, आणि धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात. पोलादपूरच्या डोंगराळ भागात, जेथे श्रावणातल्या पावसात मोबाइलला संदेशलहरी मिळतीलच अशी शाश्वती नसते, तेथे या शेवटच्या गुणाचे महत्त्व सांगायला नको.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की सगळे मिळते, असेही सांगणारे भेटतात. ती मराठीत समजावून सांगते, न कंटाळता सांगते, हे खरेच आहे, आणि एकट्याने शिकणाऱ्याला त्याचा आधारही मोठा. पण चूक सांगतानाही तिचा आवाज तितकाच खात्रीचा असतो. ती चूक ओळखण्यासाठी शेजारी अधिकृत पुस्तक आणि उत्तर पडताळून पाहण्यासाठी पुढ्यात यंत्र लागतेच.

महाडला एक गोष्ट नव्याने सांगण्याचे कारण नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. आणि तरीही त्या पाण्याची ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्या संग्रामाशी परीक्षेच्या पुस्तकांची तुलना करणे औचित्याला सोडून होईल, आणि तसा आमचा हेतूही नाही; तेथे माणुसकीचा हक्क मागितला जात होता आणि तो मागणाऱ्यांची डोकी फुटली. एवढेच म्हणायचे आहे की, ‘खुले आहे’ असे जाहीर झाल्याने कोणाच्या हाताला काही लागत नाही, हे या गावाइतके दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असणार? ‘विनामूल्य उपलब्ध’ हे आजच्या काळातले असेच एक जाहीर करणे आहे.

मग ते हाताला लागावे कसे? येथे नवी योजना, नवी संस्था, नवे उद्घाटन यांची मागणी करण्याचा मोह टाळला पाहिजे. जी संस्था आधीच आहे तिच्याकडे वळावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते, ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, खरेदी होते. कादंबऱ्या, चरित्रे, धार्मिक ग्रंथ यांच्या जोडीला अलीकडे अनेक वाचनालयांतून स्पर्धा परीक्षांचे कपाट आले आहे, आणि त्याचा उपयोग होतो असा सर्वत्र अनुभव आहे. राज्य सेवेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला इतिहासासाठी काय वाचावे, भूगोलासाठी बालभारतीची कोणती पुस्तके आधी संपवावीत, हे सांगणारी एक परंपरा तयार झाली आहे. संगणकभाषेच्या परीक्षार्थ्याला अशी परंपरा अजून नाही. ती निर्माण करायला लागणारे साहित्यही फारसे नाही: दोन-तीन परीक्षांचे चालू अभ्यासक्रम छापून बांधलेले, प्रत्येक भाषेचे एकच चांगले आणि ताजे पुस्तक, मराठी धडे व अधिकृत ग्रंथ उतरवून ठेवलेली एक डिस्क आणि टंकफलक असलेले दोन संगणक. शेवटची बाब गौण समजू नये. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते, आज्ञावली लिहिण्याचा हात मात्र बसत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहत नाही. परीक्षेत टंकफलक पहिल्यांदाच हाताखाली आला, तर उत्तर माहीत असूनही वेळ निघून जाईल. ज्या शाळांत संगणककक्ष आहेत त्यांनी रविवारची किल्ली वाचनालयाकडे दिली, तर दोन संगणकांचाही खर्च वाचेल. हे कपाट जमिनीपासून उंच बसवावे, हे महाडकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीने बाजारपेठेत काय केले ते सर्वांनी पाहिले आहे.

खरी अडचण खरेदीची नाहीच. कपाट आज भरले तर चार वर्षांनी त्यातले निम्मे नासलेले असेल, आणि ते कोणते हे ग्रंथपालाला कळण्याचा मार्ग नाही. कथाकादंबऱ्या जमा करण्याचे शास्त्र त्याला येते; बाद करण्याचे हे शास्त्र त्याला कोणी शिकविलेले नाही. लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून याच महामार्गावर उभे आहे. तेथील विद्यार्थ्यांकडे वर्षातून एकदा ही तपासणी सोपविता येण्यासारखी आहे. पण त्याहूनही जवळचा माणूस दुसरा आहे.

हा भाग पूर्वीपासून माणसे बाहेर पाठवीत आला. नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ते शिक्षणासाठी येथून बाहेर पडूनच. सामान्य घरांतले मुंबईच्या गिरण्यांत गेले; १९८२ च्या संपानंतर तीही वाट बुजत गेली. काहींना महाडच्या रासायनिक कारखान्यांनी सामावून घेतले. त्यांचीच मुले आणि नातवंडे आज पुण्यात हिंजवडीला, नव्या मुंबईत ऐरोलीला संगणकाच्या कंपन्यांतून काम करतात. यांतल्या कित्येकांनी याच परीक्षा दिल्या आहेत आणि चुकीच्या पुस्तकांवर आपले पैसेही घालविले आहेत. गणपतीला ते गावी येतात. शिमग्यालाही, रजा मिळाली तर. पूर्वीचा चाकरमानी येताना घरच्यांसाठी कपडे आणि शेजाऱ्यांसाठी मिठाई आणी. आजच्याने आरती आणि जेवण यांच्या मधले दोन तास वाचनालयात घालवावेत, कपाटातले एकेक पुस्तक काढून पाहावे, बाद झालेले ग्रंथपालाच्या हाती वेगळे द्यावे, आणि राहिलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवावी: भाषा कोणती, आवृत्ती कोणती, कोणत्या परीक्षेला चालेल, आणि हे कोणत्या तारखेला तपासले.